ओळख बत्तीची द्या, स्वतःची नको

अविनाशने मला फसवलं. अविनाश पुण्यात राहतो, इंजिनियर आहे, जुन्या गॅसबत्त्या जमवतो. त्याने मला एक शब्द दिला होता आणि तो मोडला. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण गाव सोडल्याच्या आठवणी लिहायला बसलं की माणूस मऊ होतो. मला मऊ व्हायचं नाही.

बोरीत राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि बोरी, ताडकळस, मानवत, जिथून कुठून निघून पुणे, सुरत, हैदराबाद गाठलेल्यांनो, तुम्हाला हे लिहितोय. तुम्हाला कळेल. अविनाशला कळेल की नाही, सांगता येत नाही.

मी निघालो त्या दिवशी बा मला परभणीच्या स्टेशनवर सोडायला आला होता. माझ्या हातात एक पत्र्याची पेटी आणि पोत्यात गुंडाळलेली एक गॅसबत्ती. बत्ती कशाला, असं मायनं घरी चारदा विचारलं होतं. "हैदराबादेत काय अंधार हाय का?" बा म्हणाला, "नेऊ दे. इकायची पाळी आली तर पितळ हाय, पोट भरंल." मी ती विकायला नेत नव्हतो, पण हे त्याला सांगितलं नाही.

फलाटावर सिकंदराबादच्या गाडीची वाट बघत आम्ही दोघे बसलो होतो. शेजारी एक पागोटेवाला म्हातारा. त्यानं पोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुठले?"

"बोरी."

"बोरीत कोणाचा रं तू?"

आमच्याकडे हा प्रश्न सगळेच विचारतात आणि विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट असतंच असं नाही. पण उत्तर दिलं की समोरचा माणूस जागेवरच बदलतो. कुणाचा आवाज बदलतो, कुणाचं बसणं बदलतं, कुणी बिडी पुढे केलेला हात परत खिशात घालतो. बा नं उत्तर दिलं. म्हाताऱ्यानं "अस्सं" म्हटलं आणि आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. बस, एवढंच. शिवी नाही, धक्का नाही. पिशवी मांडीवर घेतली. मी वीस वर्षांचाही नव्हतो, पण ती पिशवी मला अजून दिसते, आणि मी बोरी का सोडली असं कुणी विचारलं तर मी पोटापाण्याचं कारण सांगतो, कारण पिशवीचं कारण सांगायला लाज वाटते. लाज मला का वाटावी, हा आणखी एक रागाचा विषय.

आता बत्तीचं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

जनरेटर यायच्या आधी आमच्या भागात लग्नाची वरात गॅसबत्तीच्या उजेडात निघायची. बत्ती म्हणजे पितळी टाकी, त्यात रॉकेल, पंपानं हवा भरायची, वर रेशमी जाळी, भोवती काच. पेटली की पांढरा सूं सूं आवाज करणारा उजेड. नवरदेव घोड्यावर आणि दोन्ही बाजूंनी बत्त्या चालायच्या. बत्त्या अर्थातच आपोआप चालत नव्हत्या. त्या माणसांच्या डोक्यावर असायच्या, आणि ती माणसं आमच्या गल्लीतली असायची. माझा आजा बोरीपासून मानवतपर्यंत अशा वरातींत चालला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बत्ती, मानेवर रॉकेलचे थेंब, आणि थांबायचं कधी तर नाचणारे थांबले की. जेवण सगळ्यात शेवटी, मांडवाच्या बाहेर.

आमच्या लोकांनी धर्म बदलला तेव्हा गावकीची बरीच कामं सोडली. आज्यानं मात्र बत्ती सोडली नाही, कारण रोख मिळायचं. सोडली ती बा नं. त्यानं काय केलं, तर बत्त्याच विकत घेतल्या. परभणीच्या जुन्या बाजारातून दोन मोडक्या आणल्या, दुरुस्त केल्या आणि भाड्यानं द्यायला लागला. अट एकच: बत्ती मिळंल, पेटवून मिळंल, डोकं मिळणार न्हाई. बत्ती टेकवायला त्यानं लोखंडी घोड्या करून घेतल्या होत्या. ज्याला चालती बत्ती पाहिजे त्यानं घरचा माणूस लावावा. सुरुवातीला लोक हसले, मग चिडले, मग लग्नाची तिथी जवळ आली की मुकाट घोड्या घेऊन गेले, कारण पंचक्रोशीत भडका न उडता पेटणारी बत्ती दुसऱ्या कुणाकडे नव्हती. मी घासाघीस कुठं शिकलो विचाराल तर तिथं. ज्याची अट आधी ठरली त्याचा सौदा.

एकदा लहानपणी मी खेळता खेळता रिकामी बत्ती डोक्यावर घेतली होती. बा नं मारलं नाही. बत्ती उतरवून हातात दिली आणि म्हणाला, "हातात धरायची. हात आपला असतो."

हैदराबादेत मी काय काय केलं ते लांबवत नाही. हॉटेलात भांडी घासली, त्याच हॉटेलच्या मालकाची जुनी भट्टी विकून दिली, दुसऱ्याचा डीप फ्रीजर विकून दिला, आणि आता बंद पडणाऱ्या हॉटेलांचं सामान उचलून उघडणाऱ्या हॉटेलांना विकतो. मोठं गोडाऊन आहे. सौदा दखनीत होतो, हिशेब मराठीत होतो, शिव्या तेलुगूत. शेजारच्या दुकानाचा महबूबभाई म्हणतो, "मियाँ, तुम मोलभाव नक्को करो, तुम सीधा कुश्ती लड़ो." खरं आहे. मी तापट आहे. तापट नसतो तर अजून भांडीच घासत असतो.

या शहरानं मला एक सुख दिलं. इथे कुणी "कोणाचा रे तू" विचारत नाही. विचारतात "कित्ते में दोगे?" हा प्रश्न मला फार आवडतो. त्यात माझी जात मावत नाही. पण अशा ठिकाणी एक उणीवही असते. पिशवी कुणी मांडीवर घेत नाही, पण बाजूला बसून दोन गोष्टीही कुणी करत नाही. बा ची बत्ती माळ्यावर पडली होती. ती पेटवायची तर पंप धरत नव्हता, आणि बा तोवर गेला होता. विचारायचं कुणाला?

तेव्हा मला तो फोरम सापडला. गॅसबत्त्या, वातीचे स्टोव्ह, कंदील यांच्या नादी लागलेल्या लोकांचा मराठी फोरम. दिसायला अगदी गरीब, राखाडी पान आणि निळी अक्षरं. चालवणारा "काचवाला" या नावाचा कुणीतरी. तोच पुढे अविनाश निघाला. आत जायच्या दारावर त्यानं एक नियम लिहिला होता: नवीन सदस्यांनी ओळख बत्तीची द्यावी, स्वतःची नको. तुम्ही पाहिलेली पहिली बत्ती कोणती, कुठे, कशी पेटायची, ते लिहा. नाव, गाव, हुद्दा कुणी विचारणार नाही आणि तुम्ही कुणाला विचारायचं नाही.

मी तो नियम दुकानात बसल्या जागी दोनदा वाचला. जन्मभर मी अशा दाराच्या शोधात होतो आणि ते एका राखाडी पानावर होतं.

मी "रॉकेल" हे नाव घेतलं. बा च्या पहिल्या बत्तीबद्दल लिहिलं: कशी टाकी चेपलेली होती, ती त्यानं आतून कशी ठोकून काढली, पंपाचं चामडी वॉशर सुकलं की हवा भरत नाही म्हणून ते खोबरेल तेलात कसं मुरवायचं, आणि घोड्या कशा केल्या. माझ्या पंपाचा फोटो टाकून तो हवा का धरत नाही तेही विचारलं. घोड्या का केल्या ते लिहिलं नाही. कुणी विचारलंही नाही. चार दिवसांनी उत्तर आलं: "वॉशर उलटं बसवलंय तुम्ही. वाटीचं तोंड टाकीकडे पाहिजे." बस, नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी माळ्यावरून बत्ती काढली, वॉशर फिरवलं, आणि बा गेल्यानंतर पहिल्यांदा ती पेटली. गोडाऊनमधले सगळे हमाल बघायला आले. महबूबभाई म्हणाला, "ये तो दूल्हा आने का है."

ते उत्तर देणारा "पितळ" नावाचा सदस्य होता. त्याच्याशी माझं पुढची कितीतरी वर्षं जमलं. जमलं म्हणजे आम्ही भांडलो. बत्ती तापवायला स्पिरिट चांगलं की रॉकेलात भिजवलेली चिंधी, यावर आमचं भांडण एक दिवाळी ते दुसरी दिवाळी चाललं. इतर लोक मध्ये पडायचे, "रॉकेल, जरा थंड घ्या," असं लिहायचे, आणि आपलंही मत टाकून जायचे. पण भांडण चिंधीचं असायचं. कुणाच्या बापाचं, कुणाच्या गल्लीचं नसायचं. कारण कुणाला ठाऊकच नव्हतं.

लोक मला विचारतात की फोरममध्ये असं काय होतं, सगळं तर आता सोशल मीडियावर आहेच की. मी व्यापारी माणूस आहे, व्यापाऱ्याच्या भाषेत सांगतो. सोशल मीडिया म्हणजे आठवडी बाजार. जो मोठ्यानं ओरडतो त्याच्यापुढे गर्दी, आणि संध्याकाळी सगळं झाडून टाकायचं. काल विचारलेला प्रश्न आज सापडत नाही. माणसाचा चेहरा आणि नाव सगळ्यात वर, त्याचं म्हणणं खाली, तेही अर्धं, पुढचं वाचायचं तर दाबा. आधी माणूस बघा, मग ठरवा ऐकायचं की नाही. हे मला नवीन नाही. बोरीत हेच होतं, फक्त अंगठे दाबायची सोय नव्हती. फोरम म्हणजे दुरुस्तीवाल्याचा ठेला. मधे बत्ती ठेवलेली, भोवती पाचसहा डोकी वाकलेली, आणि सगळ्यांची नजर बत्तीवर. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत म्हणून तर मोकळी बोलतात. तीन वर्षांपूर्वीच्या प्रश्नाला आज कुणी येऊन उत्तर देतो आणि ते उत्तर शिळं होत नाही.

पितळनं एकदा खाजगीत लिहिलं, "तुमची भाषा आमच्याकडची वाटते. 'पेटवायलो' लिहिता तुम्ही. परभणीकडचे का?" नियम मोडला होता, पण मला आनंदच झाला. मी हो म्हटलं. तो मानवतचा निघाला. घरचा कापसाचा व्यापार, स्वतः आता इंदूरला. मग काय, तोही गाव सोडलेला, मीही. मानवतच्या बाजारातलं काय अजून आहे आणि काय गेलं, यावर तो लिहायचा आणि मी वाचायचो. मी बोरीचं लिहायचो, पण विहिरीचं, एसटीचं, शाळेचं. गल्लीचं टाळायचो. हे टाळणं किती थकवतं ते ज्याला टाळावं लागतं त्यालाच कळतं.

आणि एक दिवस पितळनं लिहिलं की मुलीचं लग्न मानवतला करतोय, वरात गॅसबत्तीत काढायची आहे, तिची हौस आहे. "तुम्ही याच. पाहुणे म्हणून या, वहिनींना घेऊन. बत्त्या आपण दोघं मिळून पेटवू, आणि चिंधी चालणार नाही, सांगून ठेवतो."

मी मायला फोन केला.

"मानवतला? लग्नाला?"

"हो."

"पेटवायला?"

"पाहुणा म्हणून, माय. जेवायला. पंगतीत."

मग म्हणाली, "कोन हाय रं तो? वळख कशी?"

"फोनवरची."

"त्याला ठाऊक हाय का?"

मी म्हटलं, त्याला बत्ती ठाऊक आहे. माय हसली. "बरं, जा मग. सफारी शिवून घे. तुज्या बाचा आत्मा थंड हुईल, त्या मानवतच्या पंगतीत बसल्यावर." ती थट्टा करत होती, पण दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः फोन करून विचारलं, "शिवली का?"

मी सफारी शिवली नाही, पण शर्ट घेतला. काय पणाला लागलं होतं ते मला नीट समजत होतं. ज्या गावच्या मांडवाबाहेर माझ्या आज्यानं जेवून हात धुतले, तिथे मी आत बसणार होतो, आणि मला तिथे कुणी उपकार म्हणून बसवणार नव्हतं. माझ्या हातातल्या कामामुळे बसणार होतो.

तेवढ्यात अविनाशनं फोरम बंद करायचं काढलं. फोरमवर सूचना: आपण सगळे आता सोशल मीडियावरच्या ग्रुपमध्ये जातोय, लोक तिथे आहेत, नवीन माणसं येतील. मी त्याचा नंबर मिळवून फोन केला.

म्हटलं, "खर्चाची अडचण असेल तर मी उचलतो. बंद करू नका."

"खर्चाचं नाही हो, दादा. वेळ नाही मिळत. आणि तिकडे रीच आहे."

"मग तिकडे 'रॉकेल' नावानं येऊ का?"

"खरं नाव लावा ना. काय लपवायचंय?"

काय लपवायचंय! ज्याला कधी काही लपवावं लागलं नाही त्यालाच हा प्रश्न सुचतो. मी म्हटलं, "तुमचा नियम काय होता? ओळख बत्तीची."

"अहो, नियम तोच आहे. मी ॲडमिन आहे ना. कुणी काही बोललं तर मी बघतो. शब्द देतो."

मी घासाघीस करून खाणारा माणूस, आणि तोंडी शब्दावर सौदा केला. पितळही म्हणाला, रॉकेलशिवाय बत्ती कशी पेटणार, या. मी गेलो. स्वतःच्या नावानं, आडनावानं. फोटो माझ्या मुलीनं लावून दिला: मी आणि माय, पांढऱ्या कपड्यात, विहारासमोर. चांगला फोटो आहे. मायच्या चेहऱ्यावर ऊन आहे.

दोनच दिवसांत मी बत्तीच्या जाळीबद्दल काहीतरी टाकलं, शेवटी कंसात 'रॉकेल' लिहून, आणि खाली पितळचं उत्तर आलं. आता त्याचंही खरं नाव होतं, मोठं, वजनदार. सगळ्या ग्रुपसमोर त्यानं लिहिलं: "अरे, रॉकेल म्हणजे तुम्ही का! मग तर कामच सोपं झालं. वरातीत बत्त्या डोक्यावर घ्यायला हल्ली माणसं मिळत नाहीत. तुमच्याकडची दहाबारा आणा ना सोबत."

शेवटी हात जोडलेलं चित्र. खाली अंगठे. आणि त्यात एक हसणारं तोंड. त्या हसणाऱ्या तोंडावर दाबून बघितलं तर नाव दिसतं. अविनाश.

पितळला मी काही अंशी समजू शकतो. त्याला वाटलं असेल की तो आपुलकीनं बोलतोय. स्टेशनवरच्या म्हाताऱ्यालाही वाटलं असेल की पिशवी आपली आहे, कुठेही ठेवू. इतकी वर्षं चिंधी आणि स्पिरिटवर माझ्याशी बरोबरीनं भांडलेला माणूस, एक आडनाव आणि एक फोटो बघून त्याला माझं काम सुचलं. मी त्याच क्षणी पाहुण्याचा मजूर झालो, मजुरांचा मुकादम झालो. त्याला आमंत्रण मागे घ्यावंही लागलं नाही. तेच आमंत्रण, फक्त माझी बसायची जागा बदलली.

मी उत्तर लिहिलं. शुद्धलेखन सांभाळून लिहिलं: "माझ्या आज्यानं तुमच्या भागातल्या वरातींत बत्त्या वाहिल्या. माझ्या बापानं ती डोक्यावरून उतरवली. तुमच्या घरात रिकामी डोकी असतील तर रांगेत उभी करा, बत्ती मी स्वतः येऊन ठेवतो."

तासाभरात माझं उत्तर गायब. त्याजागी अविनाशची सूचना: "कृपया ग्रुपमध्ये राजकारण नको. आपण इथे फक्त बत्त्यांसाठी आहोत." पितळचं लिहिलेलं मात्र जिथल्या तिथे. ते राजकारण नव्हतं म्हणे. ती चौकशी होती.

पितळनं खाजगीत लिहिलं, "गैरसमज झाला, मी सहज म्हटलं, तुम्ही तापट आहात." मग काही लिहिलं नाही. लग्न झालं. फोटो ग्रुपवर आले. बत्त्या डोक्यांवर होत्या. कुणाच्या, ते मी मोठं करून बघितलं नाही.

मायचा फोन आला. "गेलास का रं लग्नाला?"

"नाही जमलं. दुकानात काम निघालं."

"समजलं त्याला?"

"हो."

"मंग बरं केलंस. शर्ट ठिवून दे, पोरीच्या लग्नात घाल." आणि मग, मी फोन ठेवणार तेवढ्यात, "लय जीव जाळायलास तू. फोनातलेच व्हते ते. कुठं घरचे व्हते?"

माय, तिथंच तर चुकतंय. घरचेच होते. बोरी माझं गाव आहे, तिथं तू आहेस, विहार आहे, पण मी तिथं उतरलो की एसटी स्टँडवर मला अजून कुणाचा तरी व्हावं लागतं. हैदराबादेत माझं गोडाऊन आहे, मुलगी शिकते आहे, पण तिथं मी भाव सांगणारा आहे. ज्या एका जागी मी काही सांगायच्या आधी माणसं सरकून जागा करून द्यायची, ती जागा ते राखाडी पान होतं. घर म्हणजे मला आता एवढंच वाटतं. भिंती असोत नसोत, आत शिरताना स्वतःला सिद्ध करावं लागत नाही ती जागा. ती एका माणसानं वेळ नाही म्हणून पाडली.

फोरम आता उघडत नाही. मी बा बद्दल जे लिहिलं होतं, लोकांनी त्यावर वर्षानुवर्षं जे विचारलं, सांगितलं, ते सगळं गेलं. मी अविनाशकडे निदान तेवढं पान मागितलं. "बॅकअप बघतो," म्हणाला. अजून बघतोय. फोन उचलत नाही. ग्रुपवर मात्र रोज सकाळी शुभ सकाळ टाकतो, फुलांची चित्रं असलेली.

बोरीकरांनो आणि निघालेल्यांनो, तुम्ही म्हणाल एवढं काय, एक हसणारं तोंड. मी पुष्कळ सौदे तोडलेत, तोडून विसरलोय. हा विसरणार नाही, कारण इथे समोरचा माणूस तोट्यात गेलाच नाही. त्यानं शब्द दिला, मोडला, वरून मलाच भांडखोर ठरवलं आणि पुढे गेला.

तर अविनाश, आता मी तुला तुझ्याच नावानं विचारतो. तू बघतो म्हणाला होतास. बघितलंस, आणि हसलास. कशाला हसलास ते सांग. माझं उत्तर राजकारण होतं तर त्याचा प्रश्न काय होता, ते सांग. मला खाजगीत काही नको, गैरसमज नको, दिलगिरीचं चित्र नको. ज्या ग्रुपवर माझं उत्तर पुसलंस, त्याच ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत लिही. मी वाट बघतोय, आणि माझा नंबर तुझ्याकडे आहे.